हुकावरचा भार

वेलबॉर्न, नेब्रास्का
२१ ऑक्टोबर २०१८

ताई,

आईला पुरून आज तीन आठवडे झाले. कबरीपाशी तू माझ्या शेजारी उभी राहिली नाहीस, हे साऱ्या गावाने पाहिलं. कुबडी टेकत पलीकडे जाऊन नवऱ्याला चिकटलीस. ज्याने तिला मारलं त्याला.

लिहायचं नव्हतं, पण फोन उचलत नाहीस. मग वाच.

पोलिसांनी मला विचारलं तेव्हा जे घडलं तेच मी सांगितलं. आईला घेऊन तुम्ही ॲरिझोनाला निघालात त्या दिवशी, रविवारी सकाळी, ऑरिन तुझा तो राहायचा तीस फुटी ट्रेलर मागे लावून आमच्या धान्याच्या कोठारावर आला. सुट्टी होती, पण किल्ली माझ्याकडे असते. मी वजनकाटा चालू केला, आधी पिकअप तोलला, मग ट्रेलर. तू आणि आई गाडीतच बसला होतात. ऑरिन आत केबिनमध्ये आला आणि मी त्याला स्पष्ट बजावलं की, भाऊजी, वजन जास्त आहे, अर्धं सामान उतरवा, नाहीतर जाऊ नका. तो हसला. 'ट्वायलाला यातलं काही बोलू नकोस,' असं तुझं नाव घेऊन म्हणाला आणि निघून गेला. पावती मी छापली नव्हती. घरच्या माणसाला कसली पावती?

आता म्हणे तो सांगत सुटलाय की मी 'जागा आहे, जा खुशाल' म्हणाले. मी! सत्तावीस वर्षं त्या काट्यावर बसते मी. गव्हाचा ट्रक आवारात वळला की टायरच्या फुगवट्यावरून वजन सांगते, आणि काटा माझ्या मागून तेच सांगतो. मी म्हणेन जागा आहे?

माणसं जाहिरातीत वाचतात, हा पिकअप साडेनऊ हजार पौंड ओढतो, आणि साडेनऊ हजाराच्या आतला कुठलाही ट्रेलर अडकवून मोकळे होतात. ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. दाराच्या चौकटीवर कागद डकवलेला असतो, माणसं आणि सामान मिळून किती. तुमच्या गाडीवर चौदाशे वीस लिहिलेलं होतं. त्यात तुम्ही तिघं, मागच्या हौद्यातलं सामान, आणि वर ट्रेलरचा जो भार हुकावर पडतो तोही धरायचा. तुझ्या नवऱ्याला हे कळत नसेल तर त्याने शाळेची बस सव्वीस वर्षं चालवली तरी कशी?

रॅटनच्या घाटात उतारावर ट्रेलरची शेपूट हलली आणि तिने पिकअप आडवा फेकला. तुझं खुब्याचं हाड मोडलं. ऑरिनला खरचटलं. आई मागच्या सीटवर होती.

अकरा वर्षं मी तिला जपली. तुम्ही तिला एक दिवस सांभाळलंत.

आर्लिस


९ डिसेंबर २०१८

ताई,

उत्तर नाही. नसू दे.

पोलिसांनी चूक ऑरिनचीच धरली, हे कळलं. बरं झालं. इथे चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. कूकेन, ते जर्मन केक, विकायच्या टेबलाशी मिसेस श्लाख्टर मला म्हणाली, "तू सांगितलं होतंस ना गं, आर्लिस? तरी गेला?" मी म्हटलं, "पुरुषांना आकडा सांगितला की अपमान वाटतो." बायका हसल्या. मीही हसले.

तुझ्या नवऱ्याने मला फोन केला होता. मी उचलला. तो रडत होता. मोठा माणूस असा रडायला लागला की ऐकवत नाही. म्हणत होता, "आर्लिस, मी तुला दोनदा विचारलं होतं. तू काचेकडे बघत होतीस. आठवून बघ जरा." मी म्हटलं, "भाऊजी, मला चांगलं आठवतंय. तुम्हाला जे आठवायचं नाही, ते माझ्या गळ्यात घालू नका." मग फोन ठेवला आणि बटाटे सोलले.

तू त्याला विचार, तो हसला होता की नाही. डोळ्यांत बघून विचार.

आर्लिस


१७ मार्च २०१९

ताई,

तू ऑरिनला सोडून वेगळी राहतेस, हे मला चुलतभावाकडून कळतं. तुझ्याकडून नाही.

बत्तीस वर्षांचा संसार. वाईट वाटलं, असं लिहायला हवं. मला नाही वाटलं. मला वाटलं, चला, एकदाचे तुझे डोळे उघडले. तो म्हणे मेसा गावातच एका खोलीत राहतो आणि गाडी चालवत नाही. चालवूच नये.

इकडे ये. आईचं अंथरूण मी काढून टाकलंय. आपण दोघी राहू. लहानपणी तू माझ्या केसांच्या वेण्या इतक्या घट्ट घालायचीस की मला डोळे मिटता यायचे नाहीत. आईला ते बघून हसू यायचं. तुम्ही दोघी मिळून मला हसायचात. पण ते जाऊ दे. आता हसायला आई नाही.

आर्लिस


२ ऑगस्ट २०२०

ताई,

मिसेस श्लाख्टर गेली. साथीत. शेवटी काचेपलीकडून हात हलवायचा, एवढंच. तिच्या मुलाला रडताना पाहिलं आणि मला आपल्या निघण्याचा तो आठवडा आठवला. निघण्याचा म्हणजे तुमच्या.

तुला वाटतं तू आईला सोडवायला आली होतीस. तसंच बोललीस तू. स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. "आईला थोडं ऊन मिळू दे, आर्लिस. इथे ती कुजतेय." मी तिला अंघोळ घालायचे, तिच्या पायांना मलम चोळायचे, तिच्यासाठी मीठ न घालता रांधायचे. आणि ती कुजत होती.

आई काय म्हणाली तेही तू ऐकलंस. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "ट्वायला, मला आजच ने. या पोरीच्या घरात माझा श्वास कोंडतो. दिवसभर माझ्याकडे अशी बघत बसते, जसं काही मी तिचं पीक आहे."

तू हसलीस. आईही हसली. ऑरिन तेवढा हसला नाही. तो उठून बाहेर गेला आणि ट्रेलरचे टायर तपासत बसला.

हे मी का लिहितेय, कोण जाणे.

बरं, एक गोष्ट. मी पोलिसांना सांगितलं की ऑरिनला सगळे आकडे सांगितले. सगळे नसतील सांगितले. घाईत होतो. पण मुद्दा तोच.

आर्लिस


१४ नोव्हेंबर २०२१

ताई,

काल ऑरिन इथे आला होता. ॲरिझोनाहून, बसने. बस महामार्गावर थांबते तिथून कोठारापर्यंत चालत. मक्याचा हंगाम आहे, ट्रकांची रांग लागलेली, आणि रांगेत दोन ट्रकांच्या मधे हा, टोपी हातात घेऊन. कपडे अंगावर लोंबत होते. आधी मला ओळखूच आला नाही.

त्याचा नंबर आल्यावर तो पायऱ्या चढून केबिनमध्ये आला. हातात वही. ती निळी वही आठवते तुला? त्यात तो सगळं लिहायचा, डिझेल, टायरची हवा. त्याने ती माझ्यासमोर उघडली.

"आर्लिस, हे बघ," म्हणाला. "शनिवारी संध्याकाळी मी एकेक वस्तू घरच्या काट्यावर तोलून लिहिली होती. हे ट्रेलरमधलं, हे हौद्यातलं. माझ्या हिशोबाने हुकावर नऊशे पौंड येत होते. सगळं बसत होतं. जेमतेम, पण बसत होतं. म्हणून तर खात्री करायला तुझ्याकडे आलो. मग जास्त कसं झालं? मला फक्त तेवढं कळू दे. मी भांडायला नाही आलो."

मी म्हटलं, "वजन खोटं बोलत नाही, भाऊजी."

"तेच म्हणतोय मी. म्हणून तुला विचारतोय. काटा काय म्हणत होता?"

"तीन वर्षं झाली. माझ्या लक्षात नाही."

"तुझ्या?" तो म्हणाला. "तुझ्या लक्षात नाही?"

मागचा ट्रकवाला भोंगा वाजवायला लागला. मी खिडकी उघडून ओरडले, "आले रे बाबा!" आणि ऑरिनला म्हटलं, "तुम्हाला माझ्याकडून काय हवंय? मी म्हणू, तुमची चूक नव्हती? मग कोणाची? आईची? ती जास्त जेवली होती का त्या दिवशी?"

त्याने वही मिटली. मी आणखी बोलले. खरं तर तेवढं पुरे होतं, पण मी बोलले. म्हटलं, "ट्वायलाने तुम्हाला का सोडलं ते तिला विचारा. तिलाही माहीत आहे कोण खोटं बोलतंय."

तो म्हणाला, "हो. तिलाही तसंच वाटतं." आणि पायऱ्या उतरून गेला. काट्यावरून चालत गेला. मी सवयीने काट्याच्या आकड्याकडे पाहिलं. इतका हलका होता की काटा जेमतेम हलला.

तुला कळवावं म्हणून लिहिलं.

आर्लिस


२० फेब्रुवारी २०२२

ताई,

ऑरिन गेल्याचं कळलं. खोलीत एकटाच होता, दोन दिवसांनी घरमालकाने दार उघडलं, असं चुलतभाऊ म्हणाला. हृदयाच्या गोळ्यांची बाटली भरलेली होती. महिनाभर घेतल्याच नव्हत्या म्हणे.

मी काय लिहू?

आर्लिस


८ मे २०२२

ट्वायलाताई,

तीन महिने झाले, मी काट्यावर बसत नाही. पाठ दुखते असं सांगून सुट्टी घेतली आहे. आकडे नीट दिसत नाहीत.

ऑरिन खरं बोलत होता. मी त्याला 'जागा आहे, जा खुशाल' असंच म्हणाले.

आता सगळं लिहिते, आणि तो विचारायला आला तेव्हा जे लक्षात नाही म्हटलं, तेही लिहिते. गुरुवारी त्याने नुसता पिकअप आणून तोलून घेतला होता, तुम्हा तिघांना बसवून, हौदा भरून. सहा हजार सातशे दहा. रविवारी ट्रेलर लावून आला तेव्हा त्याच पिकअपची चाकं सात हजार दोनशे चाळीस दाखवत होती. म्हणजे हुकावर फक्त पाचशे तीस. पिकअप त्याच्या मर्यादेच्या आतच होता. पण ट्रेलर सगळा धरून आठ हजार सातशे चाळीस भरला, त्याच्या स्वतःच्या मर्यादेपेक्षा पाचशे चाळीस जास्त. तेही एक वेळ चाललं असतं. ट्रेलरच्या वजनात शंभराला दहा ते पंधरा तरी हुकावर यावे लागतात, तेव्हा तो सरळ मागून येतो. तुमचे सहाच येत होते. याचा अर्थ मागच्या टोकाला काहीतरी फार जड ठेवलेलं होतं. असा ट्रेलर सपाट रस्त्यावर गुमान येतो, आणि उतार लागला, बाजूने वारा आला, की गाडीच चालवायला घेतो. आवारात उभी असलेली गाडी बघून मला हे कळलं होतं. काट्याचीही गरज नव्हती.

ऑरिनने विचारलं, "कसं आहे? खरं सांग. नसेल बसत तर मी आत्ता इथेच उतरवतो, ट्वायला ओरडली तरी चालेल."

मी काचेतून बाहेर पाहिलं. आई मागच्या सीटवर होती. तिने ओठांना लाल रंग लावला होता. अकरा वर्षांत माझ्या घरी तिने कधी लावला नव्हता.

मी म्हटलं, "जागा आहे, जा खुशाल."

त्याने परत विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "भाऊजी, हे माझं काम आहे."

मला कोणी मरायला नको होतं, ताई. मला वाटलं, शायेन गावापर्यंत पोचायच्या आतच वाऱ्यात शेपूट हलेल. एकदाच. ऑरिन घाबरट आहे, तो गाडी कडेला घेईल आणि परत फिरेल. तुम्ही संध्याकाळी दारात याल, आईचा चेहरा पांढरा पडलेला असेल, आणि ती म्हणेल, आर्लिस, मला आत ने. मी त्या दिवशी तिच्यासाठी सूप करून ठेवलं होतं. तीन माणसांचं जास्त. संध्याकाळी सात वाजेपर्यंत मी खिडकीत होते. पण त्या दिवशी शायेनला वाराच नव्हता.

आणि हेही लिहिते, नाहीतर हे पत्र लिहून उपयोग नाही. आई गाडीत आहे हे मला माहीत होतं. त्या सहा हजार सातशे दहात तिचे एकशे आठ होते.

मग पोलिसांचा फोन आला आणि माझ्या तोंडून ते दुसरं वाक्य निघालं, मी बजावलं होतं म्हणून. निघून गेल्यावर ते परत घेता आलं नाही. पुढे पुढे तर मला तो हसलेला दिसायलासुद्धा लागला.

मी शेरीफकडे जाऊन हे लिहून द्यायला तयार आहे. ऑरिनचा भाऊ लोवेल आहे, त्यालाही सांगेन. चर्चच्या दफनभूमीत ऑरिनला आपल्या लोकांत पुरू दिलं नाही, ते माझ्यामुळे. पण आधी तुला सांगावंसं वाटलं. तुझा संसार मी मोडला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तू त्याला सोडलंस.

मला माफ कर, असं म्हणायची माझी लायकी नाही. तरी म्हणते. आणि एक विचारायचं आहे. जायच्या आधी तो तुझ्याशी बोलला होता का? काय म्हणाला?

तुझी,
आर्लिस


मेसा, ॲरिझोना
१९ जून २०२२

आर्लिस,

तुझी सगळी पत्रं पोचली. मी सगळी वाचली.

तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून मी कोणालाही सोडलं नाही. एवढी मोठी समजू नकोस स्वतःला.

त्या रविवारी मी गाडीत नव्हते. तोलून झाल्यावर मी मागच्या दाराने तुमच्या बाथरूमला आले होते. बाथरूम आणि तुझी केबिन यांच्यात एक पातळ फळी आहे. तू काय म्हणालीस ते मी ऐकलं. 'जागा आहे, जा खुशाल.' आणि 'भाऊजी, हे माझं काम आहे' हेसुद्धा. तेव्हा मला हायसं वाटलं.

कारण मागच्या टोकाला जे जड होतं ते मी ठेवलं होतं. ऑरिन शनिवारी सगळं तोलून वहीत लिहून बसला होता. आईचं लोखंडी शिवणयंत्र आणि तळघरातल्या बिटाच्या लोणच्याच्या चार पेट्या त्याने उतरवून तुझ्या गॅरेजमध्ये ठेवल्या होत्या. पुढच्या फेरीला नेऊ म्हणाला. आई हट्टाला पेटली, आत्ताच हव्यात. रविवारी सकाळी तो अंघोळीला गेल्यावर मी आणि आईने त्या ढकलगाडीवरून आणून ट्रेलरच्या मागच्या दारातून आत सरकवल्या, पलंगाखाली. आणि पाण्याची टाकी काठोकाठ भरली, कारण आईला वाटेतलं पाणी चालणार नव्हतं. तीही मागेच आहे. ऑरिनला आम्ही सांगितलं नाही. आई म्हणाली, "हा वहीवाला कशाला मधे?" आम्ही खूप हसलो.

त्याचा हिशोब बरोबर होता. नऊशेच आले असते.

मग पोलीस दवाखान्यात आले आणि म्हणाले, तुमची बहीण सांगते तिने बजावलं होतं, तुम्ही काही ऐकलंत का? मला एका क्षणात कळलं की तू खोटं बोललीस. आणि हेही कळलं की ते खोटं मला सोयीचं आहे. ऑरिन हट्टी, त्याने ऐकलं नाही, संपलं. कोणी विचारणार नाही की मागे काय होतं आणि कोणी ठेवलं. मी म्हणाले, मी गाडीत होते, मला काही ऐकू आलं नाही.

पुढे तो रोज विचारायला लागला. जेवताना, दात घासताना. जास्त कसं झालं, ट्वायला? ते ऐकवेना म्हणून मी वेगळी झाले. लोकांना वाटलं, मला आईचं दुःख.

शेरीफकडे तू जाणार नाहीस. तुला जायचं असतं तर मला आधी विचारलं नसतंस. आणि गेलीस तर मी सांगेन की तुझं डोकं ठिकाणावर नाही, अकरा वर्षं म्हातारीबरोबर कोंडून राहिलेली बाई आहे. लोवेल माझं ऐकेल. मला इथे माणसं विचारतात, जेवायला बोलावतात. या वयात मी ते घालवणार नाही.

तू विचारलं आहेस म्हणून सांगते. जायच्या आठवडाभर आधी त्याचा फोन आला होता. आवाज शांत होता. म्हणाला, "ट्वायला, मला आता कोणावर काही ढकलायचं नाही. फक्त एवढंच सांग, मी वेडा झालोय का? ती 'जागा आहे' म्हणाली, हे माझ्या कानांनी ऐकलंय असं मला वाटतं. तुला काहीच माहीत नाही?"

मी म्हणाले, "ऑरिन, तू मनाने रचतोयस."

तो म्हणाला, "बरं. म्हणजे माझंच चुकलं असणार." मला त्रास दिल्याबद्दल माफी मागितली आणि फोन ठेवला.

मला पुन्हा लिहू नकोस.

ट्वायला